एकशे चौदाची रेघ: नेटवर्क देखरेख प्रकल्पाच्या नोंदी

सोमवार, २ जून

नेटवर्कवर लक्ष ठेवणारी नवी यंत्रणा उभी करायचे काम आजपासून माझ्या गळ्यात. दोन इमारती, दोन्हींत एकेक कोअर स्विच (इमारतीचे सगळे नेटवर्क जिथे एकत्र येते ते उपकरण), मध्ये १ गिगाबिटची, म्हणजे सेकंदाला हजार मेगाबिट नेणारी, फायबर लिंक. सर्व्हर अ इमारतीत, बॅकअपचा साठा ब इमारतीत, माणसे दोन्हीकडे. हे काम निघाले ते एका तक्रारीवरून. ब इमारतीतले लोक म्हणतात की सकाळी फायली उघडता उघडत नाहीत, आणि अकरा वाजले की आपोआप सगळे सुरळीत होते. तक्रार आठ महिन्यांची आहे. त्यावर आजवरचे उत्तर: "सकाळी सगळे एकदम लॉगइन करतात, त्यामुळे होते तसे."

साहेबांनी जुना आलेख उघडून दाखवला. एमआरटीजी. टोबियस ओटिकर यांनी १९९५ मध्ये लिहिलेला प्रोग्रॅम. किती माहिती गेली ते उपकरणाला दर पाच मिनिटांनी विचारायचे आणि चित्र काढायचे. आमच्याकडे तो कोणी बसवला हे सांगणारे आता कोणी नाही, पण एका जुन्या मशीनवर तो इमानेइतबारे चालू आहे. साहेब म्हणाले, "बघा, दोन इमारतींमधली लिंक कधीच ११४ मेगाबिटच्या वर जात नाही. हजारातले एकशे चौदा. लिंक रिकामी पडलीय, दुखणे दुसरीकडे शोधा."

वर्षभराचा आलेख पाहिला. खरोखरच ११४ च्या वर एकही टोक नाही.

मंगळवार, ३ जून

सॉफ्टवेअर निवडण्यात वेळ घालवला नाही. नागिओस मी पूर्वी वापरले आहे, लिब्रेएनएमएस आवडते, पण सर्व्हर, स्विच आणि यूपीएस एकाच ठिकाणी बघायचे होते आणि सहकारी मुलीला झॅबिक्सची सवय आहे. झॅबिक्स ठरले. व्हर्च्युअल मशीन, ४ कोअर, १६ जीबी मेमरी, मागे पोस्टग्रेएसक्यूएल हा डेटाबेस. दुपारपर्यंत लॉगइनचे पान दिसू लागले.

एक गोष्ट आताच लिहून ठेवतो. हे मशीन अ इमारतीत आहे. अ इमारत बंद पडली तर ती बंद पडली हे सांगणारा पहारेकरीही सोबतच झोपणार. ब इमारतीतल्या एका छोट्या मशीनवरून या सर्व्हरला दर मिनिटाला पिंग करणारी ('आहेस का?' एवढेच विचारणारी) आणि उत्तर आले नाही तर फोनवर मेसेज टाकणारी चार ओळींची स्क्रिप्ट लावली.

बुधवार, ४ जून

उपकरणांची यादी मिळाली. एक्सेल शीट, ३१ ओळी, शेवटचा बदल कधीचा ते विचारूच नये. शीट बाजूला ठेवून सगळ्या सबनेटवर (नेटवर्कच्या तुकड्यांवर) शोध चालवला. ४७ उत्तरे आली: कोअर २, ॲक्सेस स्विच (टेबलांच्या वायरी जिथे येतात ते) १९, फायरवॉल १, राउटर २, वायफायचे ॲक्सेस पॉइंट १४, सर्व्हर ४, यूपीएस ३. झाले ४५. उरलेली दोन कोणाच्याच ओळखीची नाहीत.

पहिल्याचा मॅक पत्ता (उपकरणाच्या नेटवर्क कार्डाचा क्रमांक) धरून माग काढला. कोअरच्या मॅक टेबलमध्ये तो पोर्ट ७ वर दिसला, तिथून ॲक्सेस स्विचवर पोर्ट २३, तिथून वायर भिंतीत. वायरच्या मागे मागे जात आम्ही फॉल्स सीलिंगची एक फरशी सरकवली, तर वर आठ पोर्टचा एक स्विच धुळीत पालथा पडलेला, सगळे दिवे लुकलुकत. त्याच्यावर चार जणांचे टेबल चालतात. दुसरे निघाले जुने प्रिंट सर्व्हर. प्रिंटर कधीच भंगारात गेला, हे मात्र कपाटामागे चालूच.

उपकरणांना त्यांची हालहवाल विचारायची ठरलेली भाषा म्हणजे एसएनएमपी. तिच्यात ४७ पैकी ३८ उपकरणांनी 'पब्लिक' या कम्युनिटी स्ट्रिंगला, म्हणजे सगळ्यांना ठाऊक असलेल्या परवलीच्या शब्दाला, उत्तर दिले. म्हणजे कोणीही यावे आणि विचारून जावे. त्यातल्या पाचांवर लिहिण्यासाठीची (सेटिंग बदलू देणारी) 'प्रायव्हेट'ही उघडी. हे वाचून हसू आले, मग घाम.

शुक्रवार, ६ जून

दोन दिवस सगळीकडे एसएनएमपीची तिसरी आवृत्ती लावण्यात गेले. २००२ पासून प्रमाण ठरलेली गोष्ट आम्ही आता लावतोय. पहिल्या दोन आवृत्त्यांत कम्युनिटी स्ट्रिंग वायरवरून उघडीनागडी जाते. तिसरीत ओळख पटवणे आणि मजकूर कुलूपबंद करणे दोन्ही आहे. फक्त वाचू शकणारा एक युजर केला, आणि प्रत्येक उपकरणावर नियम टाकला की यूडीपी १६१ वर (एसएनएमपीच्या दारावर) फक्त देखरेखीच्या सर्व्हरलाच उत्तर द्यायचे.

दोन्ही कोअरवर जुनी पहिली आवृत्ती मुद्दाम ठेवली, तीही फक्त जुन्या एमआरटीजीच्या मशीनपुरती. साहेबांचा त्या आलेखावर जीव आहे.

अर्धा दिवस दोन सर्व्हरनी खाल्ला. एकाने उत्तर दिले की दुसरा गप्प, दुसरा बोलला की पहिला गप्प. पासवर्ड बरोबर, फायरवॉल बरोबर. शेवटी सहकारीने विचारले, "सर, हे दोन्ही एकाच मशीनची कॉपी करून बनवलेत ना?" तेच होते. तिसऱ्या आवृत्तीत प्रत्येक उपकरणाला स्वतःचा इंजिन आयडी असतो आणि त्याच्या घड्याळाशी मेळ घालून संदेश तपासला जातो; १५० सेकंदांपेक्षा जास्त फरक पडला की संदेश फेकून दिला जातो. कॉपी करताना इंजिन आयडीही जसाच्या तसा आला. झॅबिक्सच्या लेखी ते एकच उपकरण, ज्याचे घड्याळ मागेपुढे उड्या मारतेय. एका सर्व्हरवरची जुनी आयडीची फाइल काढून सेवा पुन्हा सुरू केली आणि दोघेही बोलू लागले.

सोमवार, ९ जून

टेम्पलेट (काय काय मोजायचे याची तयार यादी) लावली की झॅबिक्स प्रत्येक पोर्टचे आठ-नऊ आकडे गोळा करायला लागते. आमचे ५२० पोर्ट, म्हणजे मिनिटाला चार हजारांच्या वर आकडे, सेकंदाला सुमारे ७०. सर्व्हरला हे काहीच नाही, पण बिचाऱ्या जुन्या ॲक्सेस स्विचचा प्रोसेसर प्रत्येक विचारपुशीला ७० टक्क्यांवर उडी मारत होता. आपणच तब्येत विचारून विचारून रोग्याला दमवायचे, असला प्रकार. ज्या पोर्टवर काहीच जोडलेले नाही ते वगळले, टेबलाच्या पोर्टची विचारपूस पाच मिनिटांवर नेली, अपलिंक (वरच्या स्विचकडे जाणारे) आणि सर्व्हरचे पोर्ट एका मिनिटावर ठेवले.

अ इमारतीतला एक यूपीएस सारखा 'उत्तर देत नाही' म्हणून अलर्ट टाकतोय. जाऊन पाहिले, यूपीएस ठणठणीत. अलर्ट बंद करून टाकला. बघू नंतर.

मंगळवार, १० जून

रात्री २ वाजून ६ मिनिटांनी फोन वाजायला लागला तो थांबेचना. १६३ मेसेज. ब इमारतीत रात्री विजेचे काम होते. नोटीस लागली होती म्हणे, पण आमच्यापर्यंत कोणी आणली नाही. यूपीएसने पाऊण तास तग धरला आणि मान टाकली. मग ब चा कोअर गेला. त्याच्या मागची पंधरा उपकरणे देखरेखीच्या नजरेआड झाली आणि प्रत्येकाने दोनदोन बोंबा मारल्या: एक पिंग नाही म्हणून, एक एसएनएमपी नाही म्हणून. वर दर दहा मिनिटांनी आठवण करून देण्याची सेटिंग मीच ठेवली होती.

खरी बातमी एकच होती: 'ब कोअर बंद'. ती यादीत एकेचाळिसावी होती.

सकाळी ट्रिगरची (अलर्ट कधी वाजवायचा त्या नियमांची) अवलंबने लावली. ॲक्सेस स्विचचा ट्रिगर त्याच्या कोअरवर अवलंबून, ॲक्सेस पॉइंटचा त्याच्या ॲक्सेस स्विचवर. वरचे पडले की खालच्यांनी तोंड उघडायचे नाही. कोण कोणाच्या मागे हे एलएलडीपीच्या (उपकरणे शेजाऱ्याला आपली ओळख सांगतात ती पद्धत) शेजाऱ्यांच्या यादीतून काढले. शीटवर विसंबलो असतो तर अर्धे उलटे लागले असते. पहिला मेसेज तीन मिनिटे थांबून जाईल, आठवण तासाने. लिंकच्या वापराचा अलर्ट ८५ टक्क्यांना वाजेल पण ७० च्या खाली आल्याशिवाय मिटणार नाही, नाहीतर ८४ आणि ८६ मध्ये झोके घेत बसतो.

गुरुवार, १२ जून

गंमत झाली. काल रात्रीचे आकडे बघत होतो. झॅबिक्स सांगतेय, रात्री ११ पासून दोन इमारतींमधल्या लिंकवर अ कडून ब कडे ७०० मेगाबिट. जुना आलेख त्याच वेळेला सांगतोय १२, १३, मधूनच ६०, परत ९. दुपारी तीनचे मात्र दोघांचे एकमत: ९१.

साहेबांना दाखवले. ते म्हणाले, "जुना इतकी वर्षे चालतोय. तुमचे नवीन आहे, तपासून घ्या." रास्त बोलले. मलाही खात्री नव्हती. आठ महिने कोणाच्या नजरेस न पडलेले ७०० मेगाबिट आले कुठून?

तिसरा साक्षीदार म्हणून थेट कोअरच्या कन्सोलवर गेलो. तिथे स्विच स्वतःच गेल्या पाच मिनिटांची सरासरी सांगतो. सकाळी साडेनऊला त्याने सांगितले, ९६० च्या वर. जुना आलेख त्या क्षणी ४८ वर होता.

शुक्रवार, १३ जून

सापडले. सगळा हिशेब इथे मांडून ठेवतो, पुढे कोणाला तरी लागेल.

पोर्टमधून किती बाइट गेले हे स्विच एका काउंटरमध्ये मोजत राहतो. जुना काउंटर, इफ-इन-ऑक्टेट्स आणि त्याचा आउटवाला भाऊ, ३२ बिटचा आहे. गाडीच्या जुन्या किलोमीटर मोजणाऱ्या यंत्रासारखा: सगळे नऊ झाले की परत शून्य. इथे तो ४,२९,४९,६७,२९६ ला पोचला की शून्यावर येतो. १ गिगाबिटची लिंक भरून वाहत असेल तर एवढे बाइट जायला फक्त ३४ सेकंद लागतात. एमआरटीजी विचारायला येतो दर ३०० सेकंदांनी. मधल्या काळात काउंटर आठ वेळा गरकन फिरून आला तरी त्याला कळायचा मार्ग नाही. त्याला दोन आकडे दिसतात. दुसरा पहिल्यापेक्षा लहान असेल तर तो समजतो की एकदा फिरला, मोठा असेल तर समजतो की फिरलाच नाही.

आणि आता ते ११४. पूर्ण एका फेरीचे बाइट, गुणिले ८, भागिले ३०० सेकंद: ११४.५ मेगाबिट. पाच मिनिटांच्या अंतराने बघणाऱ्याला ३२ बिटच्या काउंटरवर यापेक्षा मोठा आकडा दिसणे शक्यच नाही. लिंक ११४ च्या वर जात नव्हती असे नव्हे, आमची पट्टीच ११४ वर संपत होती. खरा वापर ७०० मेगाबिट असेल तर पाच मिनिटांत काउंटर सहा पूर्ण फेऱ्या मारून थोडा पुढे जातो आणि आलेखावर १२.८ उमटतात. दुपारचा खरा वापर शंभराच्या आत असतो, तेव्हा जुना आलेख अगदी बरोबर असायचा. म्हणूनच त्याच्यावर कोणाला शंका आली नाही.

यावर उपाय कधीच निघालेला आहे. ६४ बिटचे काउंटर, नावात एचसी असलेले. पण एसएनएमपीच्या पहिल्या आवृत्तीला ६४ बिटचा आकडा वाहून आणताच येत नाही, आणि आमचा एमआरटीजी पहिल्या आवृत्तीवर बसवलेला. तेव्हा लिंक १०० मेगाबिटची असणार आणि तिला ही सेटिंग पुरून उरली असणार. लिंक बदलली, सेटिंग तशीच राहिली. एमआरटीजीचा यात काही दोष नाही. त्याला दुसऱ्या आवृत्तीने विचारायला सांगितले असते तर त्यानेही खरेच सांगितले असते.

साहेबांसमोर दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडल्या. एकात ३२ बिटचा काउंटर, दुसऱ्यात ६४ बिटचा, त्याच पोर्टचे, त्याच क्षणी. घड्याळ लावून एक मिनिट थांबलो. ६४ बिटवाला ५,३१,०२,१४,८८० बाइटनी पुढे गेला होता, म्हणजे ७०८ मेगाबिट. ३२ बिटवाल्यातला फरक १,०१,५२,४७,५८४, म्हणजे १३५. दोन्हींत फरक बरोबर एका फेरीचा. साहेबांनी स्वतः फोनवरचा कॅल्क्युलेटर काढून वजाबाकी केली. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे आठ महिने मी लोकांना काय सांगत होतो?"

मी चहाचे निमित्त करून सटकलो.

सोमवार, १६ जून

शनिवार-रविवारसकट चार दिवसांचा खरा आलेख हाताशी आला. रात्री ११ ला भिंतीसारखा सरळ वर, रात्रभर ७०० च्या आसपास, कामाच्या दिवशी सकाळी ९ नंतर ९८० ला टेकून सपाट पठार, १०:५० ला धाडकन खाली. डोंगराला शिखर नसून पठार दिसले की समजावे, माल जास्त आहे आणि नळ भरला आहे. पठार १,००० वर का नाही? इथरनेटच्या प्रत्येक फ्रेमच्या (वायरवरून जाणाऱ्या माहितीच्या गठ्ठ्याच्या) आधी ८ बाइटची पूर्वखूण आणि नंतर १२ बाइटची मोकळी जागा जाते, ती काउंटरमध्ये धरली जात नाही. मोठ्यात मोठ्या १,५१८ बाइटच्या फ्रेम धरल्या तरी ९८७ च्या वर जाता येत नाही.

अ कोअरच्या त्याच पोर्टवर बाहेर जाताना टाकून दिलेल्या पॅकेटचा काउंटर पाहिला. रात्री जवळपास शून्य, सकाळी ९ ते ११ भराभर वाढतोय. ब इमारतीतल्या लोकांच्या फायली याच गर्दीत चेंगरत होत्या. हा काउंटर आजवर कोणी गोळाच केलेला नव्हता.

बुधवार, १८ जून

एसएनएमपीचा काउंटर विजेच्या मीटरसारखा: एकूण युनिट सांगेल, फ्रिजने किती खाल्ले आणि गीझरने किती ते नाही. त्यासाठी फ्लो लागतात. सिस्कोने १९९६ च्या सुमारास आणलेली नेटफ्लो ही कल्पना. पुढे तिच्यातून आयपीफिक्स हे खुले प्रमाण झाले, २०१३ चे. फोनच्या सविस्तर बिलासारखे असते: कोणी कोणाला, कधी, किती वेळ, किती बाइट. बोलणे काय झाले ते नाही.

दोन्ही कोअरवर चालू केले, कलेक्टर (या नोंदी गोळा करणारा प्रोग्रॅम) वेगळ्या मशीनवर. सकाळी आलेख उघडला तर १ गिगाबिटच्या लिंकवर २१ गिगाबिटचे सुळके! बरोबर अर्ध्या अर्ध्या तासाने एक. सहकारी म्हणाली, "सर, लिंकचा वेग वाढवायची गरजच नाही."

कारण साधे निघाले. लांब चालणारा फ्लो स्विच लगेच कळवत नाही. चालू फ्लोची मुदत संपली की तोपर्यंतचे सगळे बाइट एका नोंदीत टाकतो. ती मुदत मुळात ३० मिनिटांची होती, आणि आमचा कलेक्टर नोंद ज्या मिनिटाला आली त्याच मिनिटाच्या नावावर सगळे जमा करतो. ७०० गुणिले ३०. मुदत १ मिनिटावर आणली, सुळके मावळले, फ्लोचा आलेख पोर्टच्या आलेखाशी जुळला. जुळेपर्यंत कोणाचे नाव घ्यायचे नाही असे ठरवले होते.

गुरुवार, १९ जून

आता नाव घेता येईल. रात्री ११ ते सकाळी १०:५०, एकच उगम, एकच ठिकाण: फाइल सर्व्हर ते ब इमारतीतला बॅकअपचा साठा. एका रात्रीत सुमारे ३.७ टेराबाइट. काल रात्रीही तेवढेच. परवाही. दररोज फक्त बदललेले तेवढे घेणारा बॅकअप रोज सारखाच कसा भरेल?

शुक्रवार, २० जून

सर्व्हर विभागातल्या सिनिअरांकडे गेलो. जाताना सहकारीला बजावले की आलेख दाखवायचा, आरोप करायचा नाही. ते आधी ताठच होते. "बॅकअप रात्री ११ ला सुरू होतो आणि एक वाजायच्या आत संपतो. माझ्याकडे रोज 'यशस्वी' म्हणून मेल येतो." मेल खरेच यशस्वीच होता. फक्त तो किती वाजता आला हे कोणी वाचत नव्हते, सकाळी १०:५२.

त्यांनी जॉबचा लॉग उघडला आणि त्यांचा चेहराच बदलला. आठ महिन्यांपूर्वी साठ्यातल्या डिस्क बदलल्या होत्या. तेव्हापासून जॉबला मागच्या बॅकअपची साखळी सापडत नाही. तो रोज रात्री एक इशारा लिहितो, 'आधार सापडला नाही, पूर्ण बॅकअप घेत आहे', आणि मुकाट्याने सगळे पहिल्यापासून उचलतो. इशारा, चूक नव्हे. म्हणून मेल हिरवा.

त्यांनी स्वतःच सांगितले की पुढच्या आठवड्याच्या शेवटी साखळी नव्याने बांधतो. मग दारापर्यंत सोडायला आले आणि हळूच विचारले, "हा आलेख माझ्या स्क्रीनवर लावता येईल का?" लावून दिला. बॅकअप सकाळी ६ नंतर चालू राहिला तर त्यांना मेसेज जाईल असा ट्रिगरही.

मंगळवार, २४ जून

पहाटे अलर्ट: 'कोठीतला स्विच रीस्टार्ट झाला'. लॉगमध्ये एकही पोर्ट पडल्याची नोंद नाही, तिथल्या लोकांना पत्ता नाही. रीस्टार्ट झालेलाच नव्हता. चालू असल्याचा काळ सांगणारा आकडाही ३२ बिटचाच, सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजणारा. ४९७ दिवस, २ तास, २७ मिनिटे झाली की शून्य. तोच रोग, दुसरा अवयव. तिसऱ्या आवृत्तीच्या इंजिनाचा काळ पूर्ण सेकंदांत मोजला जातो, तो इतक्यात फिरत नाही. ट्रिगर त्याच्यावर नेला.

४९७ दिवस न थांबलेला स्विच म्हणजे ४९७ दिवस फर्मवेअर (आतले सॉफ्टवेअर) न बदललेला स्विच, हेही यादीत टाकले.

गुरुवार, २६ जून

तो यूपीएस. मी ९ तारखेला ज्याचे तोंड बंद केले होते तो. आज सहज त्याच्या स्विचपोर्टचे चुकांचे काउंटर पाहिले, तर लेट कोलिजन (उशिराच्या टकरी) वाढताहेत. स्विच आणि एकच उपकरण समोरासमोर असताना टक्कर व्हायचीच नाही, उशिराची तर नाहीच.

यूपीएसच्या कार्डवर कोणीतरी हाताने १०० मेगाबिट, फुल डुप्लेक्स (दोघांनी एकाच वेळी बोलायचे) पक्के केलेले. स्विच ऑटोवर, म्हणजे समोरच्याशी वाटाघाट करून ठरवणारा. समोरचा वाटाघाट करत नसेल तर ऑटोवाल्याला वेग ओळखता येतो, डुप्लेक्स नाही. मग तो नियमाप्रमाणे हाफ (एका वेळी एकानेच बोलायचे) धरतो. एक बाजू 'मी बोलताना तू गप्प' मानणारी, दुसरी खुशाल मध्येच बोलणारी. एकदोन आकडे विचारले तर सगळे ठीक, एकदम यादीभर विचारले की उत्तरे गहाळ. म्हणून पिंग नेहमी हिरवे आणि एसएनएमपी अधूनमधून लाल. कार्ड ऑटोवर केले. काउंटर थांबले.

आकडे नीट येऊ लागल्यावर कळले की या यूपीएसची बॅटरी बदलायला आली आहे. कार्ड गेले तीन आठवडे तेच सांगू पाहत होते. माझ्या नावावर चूक लिहून ठेवतो: अलर्ट बंद करताना कारण आणि मुदत लिहिल्याशिवाय बंद करायचा नाही.

सोमवार, ३० जून

शनिवारी रात्री एक पूर्ण बॅकअप झाला, साखळी नवी. काल रात्री फक्त बदललेले: १४० गिगाबाइटच्या आसपास, ११ ला सुरू, साडेअकराच्या आत संपले. रात्रीची भिंत होती तिथे आता एक खुंटी.

सकाळी ९ ला मी मुद्दाम ब इमारतीत जाऊन बसलो. लॉगइनच्या वेळी लिंक २६० पर्यंत चढली, दहाच्या सुमारास उतरली. टाकलेली पॅकेट शून्य. लेखा विभागातल्या मॅडमनी, आठ महिने सर्वांत जास्त तक्रारी त्यांच्याच, मोठी फाइल उघडली. उघडली. त्यांनी बंद करून परत उघडली. "आज सुट्टी आहे का कोणाला?" एवढेच म्हणाल्या.

शुक्रवार, ४ जुलै

राहिलेली कामे: यूपीएसची बॅटरी, कोठीतल्या स्विचचे फर्मवेअर, सीलिंगमधल्या स्विचला खाली आणून रॅकमध्ये बसवणे, आणि लिंकला जोडीला दुसरी फायबर. शेवटच्यासाठी साहेबांनी आलेख मागितला आहे, नवा.

जुन्या एमआरटीजीकडे शेवटचे पाहून घेतले. सकाळचा लॉगइनचा अर्धा तास आणि रात्रीची ती खुंटी सोडली, तर त्याची आणि झॅबिक्सची रेघ आता दिवसभर एकावर एक बसते. साहेब म्हणाले, "आता करा बंद." दोन्ही कोअरवरची पहिली आवृत्ती काढली, मशीन शटडाऊन केले, वायर गुंडाळून ठेवली आणि जागेवर येऊन बसलो.

तीन मिनिटांनी फोन वाजला. 'एमआरटीजी सर्व्हर उत्तर देत नाही. तीव्रता: उच्च.' यादीतून काढायचा राहिला होता.